गाडीच्या काचा आतून ओल्या का होतात? जुन्या गाडीतल्या पाण्याचा जमाखर्च

सकाळी गाडीचं दार उघडावं आणि पुढची काच आतून पांढरी झालेली दिसावी. बाहीने पुसली की कमानीएवढा तुकडा स्वच्छ होतो आणि दोन मिनिटांत पुन्हा धुरकटतो. रात्रभर गाडीत कुणी नव्हतं, काचा बंद होत्या, मग हे पाणी आलं कुठून? त्याहून चक्रावून टाकते ती शेजारी उभी असलेली नवी गाडी. तीच रात्र, तीच थंडी, तोच पाऊस, आणि तिच्या काचा आतून ठणठणीत कोरड्या.

अर्धं उत्तर या दोन गाड्यांच्या तुलनेतच आहे. हवामान दोघींना सारखंच होतं, तेव्हा फरक गाडीच्या पोटात असणार. जुन्या गाडीत बहुतेक वेळा कुठेतरी पाणी मुरलेलं असतं आणि काच फक्त त्याची चुगली करते. आपण मात्र चुगली करणाऱ्यालाच पुसत बसतो. मीही दोन वर्षं तेच केलं.

घरखर्चाची वही असते तसा हा पाण्याचा हिशेब मांडता येतो. गाडीत पाणी येतं कुठून, साठतं कुठे आणि बाहेर जातं कसं, एवढे तीनच रकाने. पण आधी हवेत पाणी राहतं म्हणजे काय, ते पाहू.

हवेचा खिसा

थंड पाण्याचा तांब्या जरा वेळ बाहेर राहिला की त्याला घाम फुटतो. तांब्या गळत नसतो. हवेतली वाफ त्याच्या गार अंगाला लागून पाणी होते. गाडीची काच म्हणजे हाच तांब्या, फक्त उलटा: गारवा बाहेर आणि दमट हवा आत.

हवेत किती वाफ मावेल हे तापमानावर ठरतं. एक मीटर लांब, रुंद आणि उंच पेटीत जेवढी हवा मावते, म्हणजे एक घनमीटर, तेवढ्या हवेत ३० अंश सेल्सिअसला जास्तीत जास्त साधारण ३० ग्रॅम पाणी वाफ होऊन राहू शकतं. २० अंशांना १७ ग्रॅम, १० अंशांना साडेनऊच्या आसपास आणि शून्याला जेमतेम ५. हवा गार होत जाते तसा तिचा खिसा आवळत जातो. ज्या तापमानाला तो काठोकाठ भरतो त्याला दवबिंदू म्हणतात. त्याच्याही खाली गेलं की जास्तीचं पाणी बाहेर सांडतं आणि जवळ जी सर्वांत थंड वस्तू असेल तिच्यावर बसतं. गाडीत ती वस्तू म्हणजे काच. दारांना पॅडिंग असतं, छताला अस्तर असतं, सीटला फोम असतो. काच तेवढी उघडी, पातळ आणि थेट बाहेरच्या गारव्याला टेकलेली.

निरभ्र रात्री तर काच आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होते, कारण ती आपली उष्णता थेट मोकळ्या आकाशाकडे फेकत राहते. ढगाळ रात्री किंवा छपराखाली उभी असलेली गाडी म्हणूनच सकाळी कमी धुरकट दिसते. पुढची आणि मागची काच आकाशाकडे कललेली असते, बाजूच्या काचा जवळपास उभ्या असतात. त्यामुळे बऱ्याचदा बाजूच्या काचा ठीक आणि पुढची-मागची पांढरी, असं दृश्य दिसतं.

आता जरा आकडेमोड. साध्या गाडीच्या आत साधारण ३ घनमीटर हवा असते असं धरू. संध्याकाळी गाडी बंद केली तेव्हा आत २५ अंश होते आणि हवेचा खिसा ६० टक्के भरलेला होता. म्हणजे घनमीटरमागे सुमारे १४ ग्रॅम पाणी. पहाटे आतली हवा १० अंशांवर आली. आता खिशात साडेनऊच ग्रॅम मावतात, साडेचार बाहेर पडतात. तीन घनमीटरचे मिळून तेरा-चौदा ग्रॅम. चहाचे अडीच-तीन चमचे!

तीन चमचे पाणी सगळ्या काचांवर पसरलं तर काचा धुरकट होतील, पण ओघळणार नाहीत. निदानासाठी हे फार कामाचं आहे. नुसत्या हवेतलं पाणी एवढंच असतं आणि ते काचेवर बसलं की संपतं. काचेवरून ओघळ खाली येत असतील, डॅशबोर्डच्या कडेला पाणी साचत असेल, तर हवेला मागून कुणीतरी पाणी पुरवतंय. हवेने काचेवर पाणी सांडलं की तिच्या खिशात जागा होते. ती जागा ओलं कार्पेट भरून काढतं, हवा ते पुन्हा काचेवर नेऊन टाकते, आणि हे रात्रभर चालू राहतं. हवा इथे निव्वळ हमाल आहे. माल दुसऱ्याचाच.

जमा: माणसं, छत्र्या आणि गळती

स्वस्थ बसलेला माणूस श्वासातून आणि कातडीतून ताशी साधारण ४० ते ५० ग्रॅम पाणी हवेत सोडतो. चौघं बसले, काचा बंद, बाहेरची हवा बंद, तर पाव तासात चाळीस-पन्नास ग्रॅम. २० अंशांना गाडीतल्या सगळ्या हवेत मिळून मावतात पन्नासच्या आसपास. म्हणजे पंधरा मिनिटांत खिसा भरला. भिजलेले कपडे, बुटांना लागलेलं पाणी, पायाशी टाकलेली छत्री, हे वर आणखी.

पण ही जमा रोजची आहे आणि ती नव्या गाडीतही होते. जुन्या गाडीचं वेगळेपण असतं गळतीत.

गळती म्हटलं की डोळ्यासमोर दाराचं रबर येतं, ज्याला सगळे बीडिंग म्हणतात. ते कडक होतं, चपटं होतं, कोपऱ्यात फाटतं, हे खरंच आहे. पण सगळा दोष त्याच्या माथी मारण्याआधी दाराची रचना पाहा. दाराची काच वर-खाली होते त्या फटीतून पावसाचं पाणी दाराच्या पोटात जातंच. ते तसं जाणार हे गृहीत धरूनच दार बनवलेलं असतं. आतल्या बाजूला, दाराच्या पॅडमागे, प्लास्टिकचा एक पडदा चिकटवलेला असतो. पाणी त्या पडद्यावरून खाली उतरतं आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडतं. स्पीकर बसवताना किंवा पॉवर विंडोची मोटर दुरुस्त करताना कुणी तो पडदा फाडला, किंवा काढून परत नीट चिकटवलाच नाही, की पाणी थेट पायाशी. तळाची भोकं मातीने बुजली तर दाराची टाकी होते. दार जोरात उघड-बंद करून बघा. आत डुचमळण्याचा आवाज आला तर पुढचं वाचण्याआधी एक बारीक काडी घेऊन ती भोकं मोकळी करून या.

दुसरी जागा वायपरच्या मुळाशी. बॉनेट आणि काच यांच्यामध्ये जी जाळी असते तिच्याखाली एक पन्हळ असते. काचेवरचं सगळं पाणी तिथे उतरतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून खाली जातं. ब्लोअर बाहेरची हवा ओढतो तीही तिथूनच. झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत वर्षानुवर्षं पानं पडतात, कुजतात आणि भोकात बसतात. मग पन्हळीत पाणी चढतं आणि ब्लोअरच्या वाटेने आत येतं.

तिसरी जागा एसी. कूलिंग कॉइलवर हवेतलं पाणी जमतं आणि एका बारीक रबरी नळीतून गाडीखाली ठिबकतं. ही नळी तुंबली की तेच पाणी डॅशबोर्डखालून कार्पेटवर उतरतं. यात पावसाचा काहीच संबंध नसतो, त्यामुळे लोक हमखास गोंधळतात. एसी दमट हवेत बराच वेळ चालू आहे आणि गाडीखाली थेंबही पडत नाही, तर आधी या नळीकडे बघा.

हीटर असलेल्या गाडीत चौथी शक्यता असते. डॅशबोर्डमागे एक छोटा रेडिएटर असतो आणि त्यातून इंजिनाचं गरम कूलंट फिरतं. तो झिरपू लागला की काचेवर येतो तो थर नुसत्या पाण्याचा नसतो. तो चिकट, तेलकट असतो, पुसला की पसरतो आणि गाडीत गोडसर वास येतो. कूलंटची पातळीही हळूहळू उतरते. हे ओलीचं दुखणं समजून सोडून देऊ नका, कूलंट कमी पडलं तर इंजिन तापतं.

बाकीच्या जागा पटकन सांगतो: सनरूफच्या कोपऱ्यातल्या नळ्या, छतावरच्या अँटेनाचं बूड, मागच्या दिव्यांमागचं रबर, डिकीचं बीडिंग, इंजिनाकडून आत येणाऱ्या वायरींभोवतीची रबरी बूच, आणि बदललेल्या पुढच्या काचेचं सीलंट. काच बदलल्यानंतर ओल सुरू झाली असेल तर पहिला संशय तिथेच घ्यावा.

कुठे ओलं आहे यापेक्षा कधी ओलं होतं?

पाणी जिथे दिसतं तिथे ते शिरलेलं नसतं. छतात शिरलेलं पाणी खांबाच्या आतून उतरतं, पत्र्याच्या कडेने सरकतं आणि भलत्याच सीटखाली जाऊन बसतं. गाडी चढावर उभी होती की उतारावर, यावरही जागा बदलते.

माझ्या गाडीत शेजारच्या सीटसमोर पायाशी ओल यायची. एका गॅरेजमध्ये दाराचं बीडिंग बदलून दिलं. पुढच्या पावसात परत तेच. मग दुसऱ्या दाराचंही बदललं. शेवटी एका जुन्या मेकॅनिकने एकच प्रश्न विचारला, "गाडी चालवताना ओलं होतं का उभी असताना?" मला सांगता येईना. "पंधरा दिवस लिहून ठेवा आणि मग या," म्हणाला.

लिहून ठेवलं, आणि तिसऱ्याच नोंदीत चित्र दिसू लागलं. एसी लावून लांब गेलो त्या कोरड्या दिवशी कार्पेट कोरडं. धो धो पावसात तासभर चालवली, तरी कोरडं. रात्रभर झाडाखाली पावसात उभी राहिली की सकाळी ओलं. वायपरजवळची जाळी काढली तर खाली पानांचा काळा चिखल, चहाच्या चोथ्यासारखा. दोन मुठी भरून काढला. मग मगभर पाणी ओतलं. ते क्षणभर थांबलं आणि गुळगुळ आवाज करत खाली गेलं. दोन बीडिंगांचे पैसे त्या आवाजासोबत गेले असं समजलो.

तुम्हीही हाच प्रश्न स्वतःला विचारा. उभ्या गाडीत पाऊस पडून ओल येत असेल तर पन्हळ, सनरूफ, छत, काचेचं सीलंट. पावसात चालवतानाच येत असेल तर चाकांनी उडवलेलं पाणी खालून शिरतंय का ते पाहा: तळाची बूच, पत्र्याचे सांधे, गंजलेली जागा. पावसाशिवाय, एसी लावल्यावर येत असेल तर एसीची नळी. धुतल्यावरच येत असेल तर जिथे जोराचा फवारा मारता तिथलं रबर. आणि कार्पेट खालच्या फोमपर्यंत कोरडं असूनही काच धुरकटत असेल तर गळती नसण्याचीच शक्यता जास्त. तेव्हा हवा खेळती आहे का ते बघा. त्याबद्दल पुढे येतंय.

संशय पक्का करायला साध्या युक्त्या पुरतात. दारात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि पट्टी ओढा. सगळीकडे सारखीच घट्ट लागली पाहिजे. जिथे सहज सुटते तिथे रबर दबलेलं आहे. किंवा रबरावर खडू फिरवा, दार लावून उघडा आणि पत्र्यावर खडूची रेघ कुठे तुटली आहे ते बघा. पाण्याची परीक्षा घ्यायची तर एकाने बॅटरी घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्याने पाइपाने साधी धार सोडायची, खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरून सुरू केलं तर पाणी सगळीकडेच ओघळतं आणि नेमकं कुठून शिरलं ते कळत नाही. प्रेशरचा फवारा मात्र नको. त्याने चांगल्या रबरातूनही पाणी शिरतं आणि आपण उगाच भलत्या जागी सीलंट थापतो.

शिल्लक: कार्पेटच्या पोटातलं पाणी

गळती थांबवली आणि काच तरीही धुरकटते, म्हणून लोक निराश होतात. गळती थांबली म्हणजे जमा थांबली. शिल्लक तशीच आहे.

फूटमॅट उचलून वरून हात फिरवला तर कार्पेट कोरडं लागेल. फसू नका. दाराच्या उंबऱ्याची प्लास्टिकची पट्टी काढा, कार्पेटची कड उचला आणि खालच्या फोममध्ये बोटं रुतवून दाबा. माझ्या गाडीत बोटांच्या फटींतून पाणी वर आलं, तपकिरी आणि कुबट वासाचं. वरचं कार्पेट दोन उन्हांत वाळलं होतं, खालचा जाड फोम महिनोन्‌महिने भिजलेलाच होता. असा फोम काही लिटर पाणी सहज धरून ठेवतो. त्याच्याखाली पत्रा गंजतो. वायरींचे जोड त्याच पातळीवर असतात, आणि काही गाड्यांत सीटखाली इलेक्ट्रॉनिक पेट्याही असतात. काचेवरच्या धुक्याचा त्रास होतो, पण खर्चात पाडतं ते हे खालचं पाणी.

मग सिलिका जेलची पिशवी ठेवली तर नाही का चालणार? हिशेब करून बघा. सिलिका जेल दमट हवेत आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकं पाणी धरतं. अर्धा किलोची पिशवी दीडशे ग्रॅमच्या आसपास पाणी घेईल आणि मग तिला तापवून वाळवावं लागेल. फोममध्ये तीन लिटर असेल तर तीच पिशवी वीस वेळा वाळवावी लागणार, आणि तेही गळती पूर्ण थांबली असेल तर. म्हणजे पिशवी कोरड्या गाडीला कोरडं ठेवते, भिजलेल्या गाडीला वाळवत नाही. वाटीभर मीठ ठेवण्याचा सल्ला तर त्याहून कमजोर आहे. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर जाईपर्यंत मीठ पाणी जवळजवळ ओढतच नाही. कॅल्शियम क्लोराइडचे डबे मिळतात, ते भरपूर पाणी ओढतात, पण त्यातून खारट द्रव तयार होतो. वळणावर डबा कलंडला तर तो द्रव थेट पत्र्यावर, आणि गंजाला याहून आवडतं खाद्य नाही.

खरं वाळवणं कष्टाचं आहे. जमलं तर सीट काढून कार्पेट बाहेर घ्यावं. नाही जमलं तर कड उचलून खाली ठोकळे घालावेत, म्हणजे हवा खेळेल. पाणी ओढणाऱ्या व्हॅक्यूमने फोममधलं निघेल तेवढं काढावं, नंतर जुने टॉवेल किंवा वर्तमानपत्रं दाबून ठेवावीत आणि ओली झाली की बदलावीत. टेबलफॅन लावून दारं उघडी ठेवली तर काम भराभर होतं. कुबट वास म्हणजे बुरशी. ती वाळवल्याशिवाय जात नाही, सुगंधी डबी टांगल्यावर दोन्ही वास एकत्र येतात इतकंच.

उन्हाबद्दल एक गैरसमज आहे. काचा बंद करून गाडी उन्हात ठेवली की ती वाळेल असं वाटतं. आत तापमान चढतं, फोममधलं पाणी वाफ होतं हे खरं, पण वाफेला बाहेर जायला वाटच नसते. संध्याकाळी हवा गार झाली की तेच पाणी काचेवर आणि मग परत कार्पेटवर. ऊन आणि उघडी फट दोन्ही हवीत, आणि ऊन उतरायच्या आत एकदा चारही दारं उघडून आतली गरम दमट हवा बाहेर घालवायला हवी.

खर्च: चालत्या गाडीत काच कशी साफ करायची

हे सगळं सावकाशीचं झालं. आत्ता रस्त्यावर आहात आणि काच धुरकटतेय, तर काय?

ब्लोअर मोठा करा आणि हवेची दिशा पुढच्या काचेकडे. आतलीच हवा फिरवणारं, म्हणजे रिसर्क्युलेशनचं बटण बंद करून बाहेरची हवा आत घ्या. एसी चालू करा आणि तापमान गरमकडे न्या. एसी आणि हीटर एकाच वेळी? ऐकायला विचित्र वाटतं, एका हाताने आग लावून दुसऱ्याने विझवल्यासारखं. पण दोघांची कामं वेगळी आहेत. एसीची कॉइल हवेला शून्याच्या थोडं वर, समजा ५ अंशांपर्यंत, गार करते. त्या तापमानाला घनमीटरमागे सातेक ग्रॅमच पाणी टिकतं, बाकीचं कॉइलवर सांडून गाडीखाली ठिबकतं. पुढे हीच हवा हीटरने २५ अंशांवर नेली की तिच्या खिशात २३ ग्रॅमची जागा होते आणि आत असतात फक्त सात. अशी तहानलेली हवा काचेवर आपटली की मिनिटा-दोन मिनिटांत वाट दिसू लागते. शिवाय गरम हवेने काचही दवबिंदूच्या वर जाते.

एसीने इंधन जास्त जातं, हा आक्षेप रास्त आहे. एसीचा कंप्रेसर इंजिनाची ताकद खातो. हीटरचं तसं नाही, तो इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरतो. पण समोरचं दिसत नसताना इंधन वाचवण्याचा विचार मला पटत नाही. काच साफ झाली की एसी बंद करता येतो. मात्र बंद केल्यावर लगेच आतली हवा फिरवायला लावू नका. कॉइलवर राहिलेलं पाणी पुन्हा वाफ होऊन आत येतं आणि साफ झालेली काच क्षणात पांढरी होते. नेमकी वळणावर, असा माझा अनुभव.

"बाहेर पाऊस पडतोय, ती हवा आत घेतली तर ओल वाढणार नाही का?" हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलाय, आणि त्याचं उत्तर बाहेर किती गार आहे यावर आहे. १० अंशांची हवा पावसात पूर्ण भिजलेली असली तरी तिच्यात साडेनऊ ग्रॅमच पाणी असतं. ती आत येऊन २५ अंशांवर तापली की तिचा खिसा फक्त ४० टक्के भरलेला. म्हणजे पावसाळी पण गार हवा गाडीसाठी कोरडीच. उलट बाहेर २५ अंश आणि मुसळधार पाऊस असेल तर त्या हवेत २३ ग्रॅम असतात. ती थोडी तापवून काही साधत नाही, तिथे एसीला पर्याय नाही.

एसी बंद पडलेली जुनी गाडी असेल तर बाहेरची हवा, गरम हीटर आणि मागच्या दोन काचा बोटभर उघड्या, एवढ्यावर बरंच काम होतं. काचा उघडायच्या त्या हवा बाहेर जावी म्हणून. गाडीत हवा आत ढकलली तरी ती कुठून तरी बाहेर पडावी लागते. त्यासाठी मागच्या भागात, बहुधा बंपरच्या आड, रबरी झडपा असतात. डिकीत गच्च सामान भरून त्या झाकल्या गेल्या किंवा मातीने चिकटल्या, की ब्लोअर नुसता घोंगावतो आणि हवा जागेवरच.

जुन्या गाडीत आणखी एक फसवणूक होते: बटण बाहेरच्या हवेवर असतं, पण आतली झडप रिसर्क्युलेशनवरच अडकलेली असते. ब्लोअर मोठा करून बटण दाबा आणि कान द्या. झडप हलली तर आवाज बदलतो, आतली हवा फिरताना ब्लोअर जास्त गरजतो. आवाज तसाच राहिला तर केबल तुटलेली किंवा झडप अडकलेली. केबिन फिल्टर असेल तर तोही काढून बघा. काही जुन्या गाड्यांत तो नसतोच. असलाच तर कित्येकदा त्याची आठवण कुणालाच नसते आणि तो ओल्या गोणपाटासारखा झालेला असतो.

धुकं बाहेरून असेल तर सगळं उलटं

उकाड्याच्या दमट दिवसांत एसी जोरात लावला की काच आतून गार होते आणि बाहेरच्या हवेतलं पाणी तिच्यावर बसतं. अशा वेळी आतून कितीही पुसा, ढिम्म फरक पडत नाही. ओळखायचं सोपं आहे: वायपर एकदा फिरवा. काच साफ झाली तर धुकं बाहेर होतं. मग एसीची हवा काचेवरून काढून अंगाकडे वळवा, तापमान जरा वाढवा आणि वायपर चालू ठेवा. या जागी कुणी एसी आणखी वाढवला तर धुकंही वाढतं.

मळकट काच लवकर का धुरकटते

डॅशबोर्डचं प्लास्टिक उन्हात तापलं की त्यातून तेलकट अंश सुटतात आणि काचेवर आतून पातळ थर बसतो. सिगारेटचा धूर आणि डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश त्यात भर घालतात. अशा काचेवर पाणी सपाट पसरत नाही, त्याचे असंख्य बारीक थेंब होतात आणि प्रत्येक थेंब समोरून येणारा दिवा चहूकडे उधळतो. स्वच्छ काचेवर तेवढंच पाणी बसलं तरी ते पातळ पसरतं आणि आरपार दिसत राहतं. म्हणून काच आतून नीट धुणं हा स्वस्तातला उपाय आहे: काच साफ करायचं द्रव, दोन मायक्रोफायबर कापडं, एक ओलं आणि एक कोरडं. हाताने पुसण्याची सवय सोडा, तळहाताचं तेल काचेला लागतं.

शेव्हिंग फोम किंवा साबणाचा हात फिरवण्याचा घरगुती उपाय याच तत्त्वावर चालतो, साबणामुळे पाणी पसरतं. चालतो तो, पण थोडे दिवस, आणि थर जाड राहिला तर रात्री समोरच्या दिव्यांना रेघा फुटतात. मी बाजूच्या काचांना लावतो, पुढच्या काचेला नाही.

मागच्या काचेवरच्या बारीक तपकिरी रेघा म्हणजे डिफॉगर. त्यांतून वीज गेली की त्या तापतात आणि काच मोकळी होते. एखादी रेघ कुठे खरवडली गेली तर तेवढाच पट्टा धुरकट राहतो, म्हणजे बिघाड कुठे आहे हे काच स्वतःच दाखवते. वीज वाहून नेणारा रंग मिळतो, त्याने तुटलेली जागा जोडता येते. पुसताना रेघांच्या दिशेने आडवं पुसा, उभं घासलं की त्या निघतात.

वाळली हे कसं समजायचं?

हाताला कोरडं लागणं हा पुरावा नाही, ते आपण पाहिलं. गळती बंद करून फोम वाळवल्यावर चारही फूटमॅटांखाली, जमलं तर कार्पेटच्या कडेखाली, वर्तमानपत्राची एकेक घडी सरकवून ठेवा. दोन-तीन मोठे पाऊस होऊ द्या. मग काढून कानाजवळ चुरगळा. कोरडा कागद कुरकुरतो. ओल असेल तर तो गप्प राहतो आणि हाताला थंड लागतो. एखादीच घडी गप्प निघाली तर शोध पुन्हा त्या कोपऱ्यातून सुरू.

माझ्या गाडीतल्या चारही घड्या या वेळी कुरकुरीत निघाल्या. पुढची काच सकाळी स्वच्छ असते. मागच्या काचेवर मात्र वरून तिसऱ्या रेघेपाशी धुक्याचा एक आडवा पट्टा अजून राहतो. मागे कधीतरी चिकटवलेलं स्टिकर नखाने खरवडून काढलं होतं, ते तिथेच.